मॉनिटर लावला की वाय-फाय मंद? सर्व्हरला दोष देण्याआधी केबल तपासा

किनवट : पीक विम्याची मुदत संपत आलेली, सेवा केंद्रापुढे रांग लागलेली आणि लॅपटॉपच्या पडद्यावर गोल चक्र फिरत राहिलेलं. चालक म्हणतो, सर्व्हर डाऊन आहे. रांगेतली माणसंही मान हलवतात, कारण शेवटच्या दिवसांत सर्व्हर खरंच बसतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच वाय-फायवर बाजूला उभ्या असलेल्या पोराच्या मोबाईलवर व्हिडिओ न अडकता चालत असेल, तर दोष लाईनचा नाही, आणि सर्व्हरचाच असेल असंही नाही. तो टेबलावरच असू शकतो. लॅपटॉपला जोडलेला मोठा मॉनिटर आणि त्याची केबल हे त्याचं एक कारण आहे, आणि ते फार कमी जणांच्या लक्षात येतं.

आता बऱ्याच केंद्रांत दुसरा मॉनिटर असतो. आपलं नाव, गट नंबर, बँक खाते नंबर बरोबर पडला का, हे शेतकऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघता यावं म्हणून तो समोर वळवून ठेवतात. ही पद्धत चांगली आहे. एक आकडा चुकला तर विम्याचे पैसे अडकतात. एक रुपयात विमा ही सोय २०२५ च्या खरिपापासून बंद झाली, आता हप्ता शेतकऱ्याच्या खिशातून जातो. पेमेंटच्या मधेच नेट अडकलं की खात्यातून पैसे गेले पण पावती आली नाही, अशी पंचाईत होते. त्यामुळे मॉनिटर काढून टाकणे हा उपाय नाही. बिघाड कुठे होतो ते समजून घेतलं पाहिजे.

वाय-फाय म्हणजे शेवटी रेडिओच. शेतात रानडुकरांसाठी झटका मशीन लावलेलं असेल आणि जवळ मिडियम वेव्हवर रेडिओ चालू असेल, तर मशीनच्या प्रत्येक ठोक्याला रेडिओत 'टक टक' येतं. मशीन रेडिओशी जोडलेलं नसतं, तरी तारेतून निघालेली लहर रेडिओत शिरते. लॅपटॉपच्या टेबलावर हेच घडतं, फक्त इथे खरखर ऐकू येत नाही. पाठवलेली माहिती अर्धी-मुर्धी पोचते, लॅपटॉप तीच परत परत मागतो, आणि आपल्याला फक्त 'नेट स्लो' दिसतं.

जुनं वाय-फाय आणि बहुतेक मोबाईलचं हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात चालतं. म्हणजे सेकंदाला सुमारे २४० कोटी कंपनं. याच पट्ट्यात ब्ल्यूटूथ आहे, बिनतारी माऊस आहे, मायक्रोवेव्ह ओव्हनसुद्धा आहे. मॉनिटरला चित्र पाठवणारी एचडीएमआय केबलही प्रचंड वेगाने चालते. २५६० बाय १४४० या आकाराचं चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचं, तर केबलमधल्या एकेका रंगाच्या जोडीतून सेकंदाला साधारण २४१ कोटी ठोके जातात. वाय-फायचं पहिलं चॅनल २४१२ मेगाहर्ट्झवर आहे, म्हणजे जवळजवळ तोच आकडा. केबलवरचं धातूचं आवरण नीट नसेल तर ही लहर बाहेर झिरपते आणि थेट त्या चॅनलवर पडते. २०१९ साली बाजारात आलेल्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरबाबत नेमकी हीच तक्रार आली होती. मॉनिटर या आकारावर ठेवला की त्याचं वाय-फाय तुटायचं, आकार बदलला की परत चालायचं.

आपल्याकडचे बरेच मॉनिटर मात्र १९२० बाय १०८० चे असतात. त्यात केबलचा वेग एवढा नसतो, त्यामुळे नुसत्या केबलमुळे त्रास कमी होतो. तिथे खरा गुन्हेगार बहुतेक वेळा हब निघतो. नव्या पातळ लॅपटॉपला एचडीएमआयचं भोकच नसतं. मग टाईप-सी हब घेतात, त्यातच मॉनिटर, पेन ड्राईव्ह, अंगठ्याचं मशीन, सगळं खोचतात. या हबमधलं यूएसबी ३.० फार जोरात चालतं आणि त्याचा गोंगाट बरोबर २.४ च्या पट्ट्यात पसरतो. हे कुणी हवेत सांगितलेलं नाही, इंटेल कंपनीने २०१२ मध्येच मोजमापांसह हे जाहीर केलं आहे. स्वस्तातल्या हबला नुसतं प्लॅस्टिक असतं, आत आवरण नसतं. त्यात तो लॅपटॉपला चिकटूनच लोंबत असतो.

खूण ओळखायची असेल तर बिनतारी माऊसकडे बघा. हब लावल्यावर माऊसचा बाण अडखळत, उड्या मारत चालायला लागला तर वाय-फायचंही तेच झालेलं असणार. दोन्ही एकाच पट्ट्यावर आहेत.

खात्री करायला पाच मिनिटं लागतात. मॉनिटर लावलेला असताना लॅपटॉपवर स्पीड टेस्ट घ्या. मग मॉनिटरची केबल आणि हब लॅपटॉपमधून पूर्ण काढा. नुसता मॉनिटर बंद करून चालत नाही, केबल जोडलेली असली तर लॅपटॉप चित्र पाठवत राहू शकतो. आता परत टेस्ट घ्या, असं दोन-तीनदा करा. दर वेळी केबल काढली की वेग वाढत असेल तर दोष सापडला. केबल काढूनही वेग तेवढाच मंद असेल, तर मग लाईन, टॉवर किंवा सर्व्हर बघा. पोर्टल मंद आणि बाकीच्या साईट पळतात, असं असेल तर खरंच सर्व्हर डाऊन आहे, चालकाला उगाच बोलू नका.

उपायांत सगळ्यात पक्का उपाय तारेचा. राऊटर जवळ असेल तर त्यातून लॅन केबल ओढून लॅपटॉपला लावा. ग्रामपंचायतीत फायबरचं कनेक्शन असेल तिथे तर एवढंच करायचं, एकाच खोलीत वाय-फायची गरजच काय? लॅपटॉपला लॅनचं भोक नसेल तर त्याचा छोटा अ‍ॅडाप्टर मिळतो.

वाडी-तांड्यावर बहुतेक जण मोबाईलच्या हॉटस्पॉटवरच काम चालवतात. त्यांनी हॉटस्पॉट बंद करून यूएसबी टेदरिंग वापरावं. मोबाईल चार्जिंगच्या वायरने लॅपटॉपला जोडायचा आणि सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावरच यूएसबी टेदरिंग चालू करायचं. वायर डेटाची हवी, काही स्वस्त वायरी नुसत्या चार्जिंगच्या असतात आणि मग टेदरिंगचं बटण उमटतच नाही. मोबाईल चार्जही होत राहतो. फक्त लाईट गेलेली असेल तर तो लॅपटॉपची बॅटरी खातो, हे ध्यानात ठेवावं.

तार नकोच असेल तर पट्टा बदला. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात हा गोंगाट फारसा पोचत नाही. आपल्या देशात २०१८ मध्ये या पट्ट्याचा मोठा भाग परवान्याशिवाय वापरायला मोकळा झाला, आणि आता साधारण मोबाईललाही तो असतो. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये 'बँड' असं लिहिलेलं असतं, तिथे ५ गिगाहर्ट्झ निवडा. आयफोनमध्ये 'मॅक्सिमाईझ कम्पॅटिबिलिटी' हे बटण बंद ठेवा. लॅपटॉप नेमका कोणत्या पट्ट्यावर आहे, हे विंडोजच्या वाय-फाय सेटिंगमध्ये प्रॉपर्टीजच्या खाली 'नेटवर्क बँड' समोर दिसतं. मात्र ५ चा पट्टा भिंतीपलीकडे लवकर दमतो, मोबाईल त्याच खोलीत हवा. आणि जुन्या किंवा अगदी स्वस्त लॅपटॉपला ५ दिसतच नाही. अशांनी राऊटरचं चॅनल १ वरून ११ वर नेऊन बघावं. केबलच्या गोंगाटात त्याचा फरक पडतो, हबच्या गोंगाटात फारसा नाही, कारण तो सगळ्या पट्ट्यावर पसरलेला असतो.

जागा बदलूनही बराच फरक पडतो. लॅपटॉपच्या वाय-फायचा अँटेना बहुधा पडद्याच्या कडेला, झाकणात असतो. झाकण मिटून फक्त मोठ्या मॉनिटरवर काम केलं की तो अँटेना खाली दबतो, बाजूला हब, मागे केबलचा गुंता. झाकण उघडं ठेवा, हब एखाद्या हात लांब सरकवा. माऊसचा रिसीव्हर निळ्या भोकात, म्हणजे यूएसबी ३.० मध्ये, न लावता काळ्या भोकात किंवा लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावा.

केबल नवी घ्यायची तर आखूड आणि चांगल्या आवरणाची घ्या. लांब केबल 'असू द्या कामाला' म्हणून घेतात आणि उरलेली गुंडाळी लॅपटॉपमागेच ठेवतात, ते टाळावं. हबला स्वयंपाकघरातली चांदीची पन्नी गुंडाळण्याचा उपाय काही जण सांगतात. पन्नीचा तुकडा भोकात शिरला तर लॅपटॉप जळायचा, त्या वाटेला जाऊ नये.

हे सगळं मुदतीच्या शेवटच्या दिवशी करत बसायचं नाही. आठ दिवस आधी, केंद्रात गर्दी नसताना, केबल लावून आणि काढून एकदा वेग मोजून ठेवावा. शेवटच्या दिवशी चक्र फिरायला लागलंच, तर आधी मॉनिटरची केबल काढा, रांगेतल्या माणसाला लॅपटॉपच्या पडद्यावरच त्याचा खाते नंबर दाखवा आणि मग 'सबमिट' दाबा.