विश्लेषण : पक्षाघात झाला की साखर-पाणी का देऊ नये?

शनिवार पेठेतल्या एखाद्या जुन्या वाड्यातली सकाळ. चहा घेताना आजोबांच्या हातून कप निसटतो, तोंड एका बाजूला ओढले जाते, शब्द बोबडे येतात. घरच्यांची पहिली धाव बहुधा स्वयंपाकघराकडे : ‘साखर-पाणी द्या, शुगर कमी झाली असेल.’ दुसरा सल्ला, ‘जरा पडू द्या, बरं वाटेल.’ दोन्ही मायेपोटीच दिलेले, पण त्यात मोलाचा वेळ जातो.

मेंदूचे इंधन साखरच ना?

हो. मेंदूचे वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण स्वस्थ बसलेले असतानाही शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के त्यालाच लागतो. शिवाय यकृतासारखा साखरेचा साठा मेंदूकडे जवळपास नसतो. सगळी मदार वाहत्या रक्तावर. गुठळीने रक्तवाहिनी बंद झाली की पुढच्या भागाला ग्लुकोज आणि प्राणवायू दोन्ही मिळेनासे होतात. तोंडातून दिलेली साखर रक्तात मिसळली तरी गुठळीपलीकडे पुरेशी जात नाही. उलट रक्तातली वाढलेली साखर इजा वाढवू शकते, आणि गिळता न आलेले पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. साखर खरेच घसरली की लक्षणे अशीच दिसू शकतात. घरात ग्लुकोमीटर असेल तर मोजावी, पण आधी १०८ ला फोन करून.

घड्याळ कशासाठी?

ऊर्जा संपली की पेशीतले क्षार बाहेर-आत करणारे पंप बंद पडतात, पेशी फुगतात आणि मरतात. गाभ्यातला भाग काही मिनिटांत जातो. भोवतीचा भाग मात्र मुका होतो, मेलेला नसतो. त्याला ‘पेनम्ब्रा’ म्हणतात आणि उपचारांची सगळी धडपड त्याच्यासाठीच. मोठी वाहिनी बंद असेल तर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा २००६ सालचा एक अंदाज आहे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. नळी घालून गुठळी काढणे निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत शक्य असते. तास मोजायचे ते माणूस शेवटचा ठीक दिसला तेव्हापासून. झोपेत झटका आला असेल तर रात्री झोपताना ठीक होते ना, हेच डॉक्टर आधी विचारतात.

गडचिरोलीच्या खेड्यांत ‘सर्च’ संस्थेच्या अभ्यासात मृत्यूंचे पहिल्या क्रमांकाचे कारण पक्षाघात निघाले, जवळपास सातात एक. तिथे रुग्णालयच लांब. शनिवार पेठेतून ससून काही किलोमीटरवर; इथे उशीर होतो तो बराचसा घरातच.

पुढचे तीन महिने

वाचलेल्या पेशी सावरतात, शाबूत भाग नवी कामे शिकतात. हातापायांतली बरीच सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत दिसते, नंतरही ती हळूहळू होत राहते. या काळातला थकवा हा आळस नव्हे. दहा मिनिटांच्या गप्पांनीही रुग्ण गळून जाऊ शकतो. व्यायाम थोडा-थोडा, मध्ये विश्रांती. आणि भेटायला येणाऱ्यांची रांग जरा आवरलेली बरी.