थांबायला एक निमित्त

घरातला जुना अल्बम एकदा काढून बघा. बारशी, मुंजी, लग्नं, माथेरानची सहल... बाई सगळीकडे आहे. कुठे मूल कडेवर घेऊन, कुठे पंगतीत वाढताना, कुठे वाढदिवसाच्या केकमागे. पण फोटो काढलाय कोणी? नवऱ्यानं, दिरानं, भावानं, नाहीतर स्टुडिओवाल्यानं. आमच्या लहानपणी छत्तीस फोटोंचा रोल असायचा. तो संपायला दोन सण आणि एक लग्न लागायचं, धुवायला वेगळे पैसे पडायचे. म्हणून कॅमेरा कायम कपाटात आणि 'हात लावू नकोस, रोल फुकट जाईल' हे वाक्य घरातल्या मुलींच्या आणि सुनांच्या वाट्याला!

आता प्रत्येकीच्या पर्समध्ये फोन आहे. पण आपण त्यानं टिपतो काय? पुरणपोळी, रांगोळी, नातवंडं, बाल्कनीतली जास्वंद. त्यात वाईट काही नाही. फक्त सगळं उंबऱ्याच्या आतलं आहे एवढंच.

आमच्या भागातल्या बायकांचा एक गट आहे. भिशी, वाचन, वस्तीतल्या मुलींचा अभ्यास घेणं अशी आमची कामं चालतात. तीन वर्षांपूर्वी त्यात महिन्यातून एका शनिवारी 'फोटोफेरी' सुरू केली. सकाळी साडेसहाला शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यासमोर जमायचं, कसबा गणपतीला नमस्कार करून तांबट आळीत जायचं आणि तिथून रमतगमत मंडई. फी नाही, स्पर्धा नाही, बक्षीस तर नाहीच. शिकवायला फोटोग्राफीचा डिप्लोमा केलेली एक तरुण मुलगी येते. बाकी आम्ही सगळ्या कोऱ्या पाट्या. दोघींकडे मोठे कॅमेरे आहेत (एकीचा परदेशातल्या मुलानं पाठवलेला, तो वर्षभर खोक्यात होता), बाकीच्यांकडे साधे फोन.

पहिल्याच फेरीला माझ्या लक्षात एक गोष्ट आली आणि ती कॅमेऱ्याबद्दलची नव्हती. आम्हाला रस्त्यावर नुसतं उभंच राहता येत नव्हतं! तांबट आळीच्या तोंडाशी ती मुलगी म्हणाली, "आता दहा मिनिटं फोटो काढू नका, फक्त बघा." दोन मिनिटांत एकीनं पर्स उघडून काहीतरी शोधायला सुरुवात केली, दुसरीनं घरी फोन लावला, तिसरी पितळी समईचा भाव विचारायला गेली. बाई रस्त्यावर असते ती कुठेतरी जात असते, काहीतरी आणत असते, नाहीतर कुणाची तरी वाट पाहत असते. उगीच उभी राहिली तर चार जण बघतात आणि पाचवा विचारतो, "काय ताई, कुणाला शोधताय?"

मुंबईतल्या बायकांच्या सार्वजनिक वावराचा अभ्यास करून शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक लिहिलं. बाईला घराबाहेर असण्यासाठी सतत काहीतरी कारण दाखवावं लागतं, हा त्यातला एक मुख्य मुद्दा. तांबट आळीच्या कोपऱ्यावर आमच्या बाराजणींची जी चुळबुळ चालली होती ती बघून मला तो मुद्दा पुस्तकाबाहेर उतरलेला दिसला. कॅमेरा हातात आला आणि चुळबुळ थांबली. कारण मिळालं ना! आता वीस मिनिटं एका जुन्या वाड्याच्या दारासमोर उभी राहिले तरी कुणी काही विचारत नाही. आणि बरोबर अकराजणी असल्या की मागून कुणी काही बोललं तरी ते आपल्याला लागत नाही. एकटीनं हे करायची छाती आमच्यातल्या फार थोड्याजणींची होती. म्हणून मला वाटतं, नवशिक्यांसाठी गटाचा खरा उपयोग शिकण्यापेक्षा हा आहे.

तांबट आळीत शिकायला मात्र भरपूर आहे. तांब्याच्या पत्र्यावर एकसारखे ठोके मारत नक्षी उठवतात, त्याला मठारकाम म्हणतात. हातोडी वर जाते, खाली येते. आमच्या मास्तरीणबाईंनी तिथेच शटरचा धडा दिला. शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरतं उघडलं तर हातोडी हवेत थिजलेली दिसते, तिसाव्या भागापुरतं उघडलं तर तिचा नुसता फराटा येतो. दोन्ही बरोबरच, तुला काय सांगायचंय त्यावर ठरव, असं ती म्हणते. हे मला फार आवडलं. शाळेत आम्हाला उत्तर एकच असायचं.

मोबाइलवाल्यांसाठी तिच्या सूचना त्याहून सोप्या. आधी भिंग ओढणीच्या मऊ टोकानं पुसा, निम्मे फोटो स्वयंपाकघरातल्या तेलकट बोटांमुळे धुरकट येतात. झूम करू नका, दोन पावलं पुढे जा. चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये उजेड आणि फोकस तिथे बांधला जातो. अंधारात कोपरं अंगाला चिकटवा आणि श्वास रोखून बटण दाबा. आणि सकाळचा पहिला तास सोडू नका, कारण तेव्हा ऊन तिरपं असतं, भिंतीच्या विटासुद्धा उठून दिसतात. दहा वाजले की सावल्या डोळ्यांखाली उतरतात आणि सगळ्याजणी आजारी दिसायला लागतात!

मंडईत मात्र गोष्ट निराळी. ही इमारत १८८६ मध्ये खुली झाली, मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावानं ती तेव्हा 'रे मार्केट' होती. नगरपालिकेत जोतीराव फुल्यांनी तिच्यावरच्या खर्चाला विरोध केला होता, त्यांना तो पैसा शिक्षणाला हवा होता. पुढे तिलाच त्यांचं नाव दिलं गेलं. मधला अष्टकोनी मनोरा, त्याला जोडलेल्या लांब पाखा, वरून खाली येणारे उन्हाचे पट्टे आणि खाली टोमॅटो, मेथी, भोपळ्यांचे ढीग. नवशिकीला इथे वेडच लागतं. आणि म्हणूनच इथे जरा जपायला हवं.

बाराजणी एका गाळ्यासमोर कॅमेरे रोखून उभ्या राहिल्या तर त्या विकणारीनं करायचं काय? गिऱ्हाईक मागे सरकतं, तिचा धंदा अडतो. गटामुळे आपल्याला धीर येतो तसा समोरच्यावर दाब पण येतो, हे विसरून चालत नाही. म्हणून आमचा नियम असा की मंडईत शिरताना जोड्या करायच्या, एका गाळ्याशी एकच जोडी. आधी विचारायचं, 'नको' म्हटलं की हसून पुढे जायचं. लहान मुलांचा फोटो आईबापांना विचारल्याशिवाय नाहीच.

होमाई व्यारावाला यांचं नाव ऐकलं असेल. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. नवसारीत १९१३ मध्ये जन्म, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये. गंमत म्हणजे त्यांचं पहिलं काम एका सहलीचे फोटो काढण्याचं होतं! सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या, माणेकशांच्या नावानं छापले जायचे. पुढे त्यांनी 'डालडा १३' हे टोपणनाव घेतलं. पंडित नेहरूंपासून कितीतरी मोठी माणसं त्यांनी टिपली आणि १९७० मध्ये कॅमेरा खाली ठेवला तो ठेवलाच. नव्या फोटोवाल्यांचं वागणं त्यांना सहन होईना, हे त्यामागचं त्यांनी सांगितलेलं कारण. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, पुढच्याच वर्षी त्या गेल्या. आमच्या फेरीत नवीन बाई आली की तिला मी ही गोष्ट सांगते. कॅमेऱ्याची बटणं नंतर शिकता येतात.

तर मंडईतल्या त्या मावशी. पालेभाजीचा गाळा, वय साठीच्या पुढे, कपाळावर मोठं कुंकू. आमच्यातल्या बँकेतून निवृत्त झालेल्या काकू त्यांना म्हणाल्या, "मावशी, तुमचा एक फोटो काढू का? आम्ही शिकतोय."

"माझा? कशाला गं बाई?" मग जरा विचार करून, "काढ. पण थांब."

त्यांनी जुडी बांधायची थांबवली, हात पुसले, पदर दोन्ही खांद्यांवरून नीट घेतला, मंगळसूत्र वर काढलं आणि सरळ कॅमेऱ्याकडे बघून ताठ बसल्या. काकूंना हवा होता जुडी बांधणारा सुरकुतलेला हात. त्या म्हणाल्या, "मावशी, तुम्ही आपलं काम करत राहा ना, नॅचरल येईल."

"काम तर रोजच करते की. त्याचा कशाला फोटू?"

मला विचाराल तर मावशींचं बरोबर होतं. सुरकुत्या, भेगाळलेली टाच, डोक्यावरचं ओझं, यांचे फोटो प्रदर्शनात खूप बघितले आता. त्यात बाईचा चेहरासुद्धा नसतो कधीकधी! मी वस्तीत बचत गटाचं काम करते. तिथे एखादी बाई गेली की दहाव्याच्या आधी घरात धावपळ उडते ती फोटोसाठी. नवऱ्याचा असतो, मुलांचे तर फोन भरून असतात. तिचा मिळत नाही. मग कुणाच्या तरी लग्नाच्या ग्रुप फोटोतून तिचं डोकं कापून काढतात, नाहीतर आधार कार्डावरचा फोटो मोठा करतात. स्टुडिओवाला मागे निळं आकाश लावून देतो. दोन खोल्यांच्या घरात त्या भिंतीवर हार घातलेला आधारचा फोटो मी एकदा नाही, पाच-सहा वेळा तरी बघितला आहे. ज्या फोटोत ती घाबरून, डोळे ताणून बसलेली, तोच तिचा कायमचा चेहरा.

तेव्हा मावशींनी ताठ बसून घेतलेला फोटोच आम्ही काढला. दोन्ही खांदे, कुंकू, मागे मेथीचा ढीग. पुढच्या महिन्यात प्रिंट नेऊन दिली. एका प्रिंटला चहाच्या कपाएवढाच खर्च. मावशींनी ती डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघितली, "जाड झाले गं मी" म्हणाल्या आणि गल्ल्याच्या डब्यात पिशवीखाली ठेवली. शेजारच्या दोघी लगेच पदर सावरायला लागल्या. तेव्हापासून ज्याचा फोटो त्याला प्रिंट, हे आमच्याकडे ठरूनच गेलं आहे. त्यासाठी दरवेळी थोडी वर्गणी काढतो आणि प्रिंटमागे गाळ्याची खूण लिहितो. हे झालं तरी 'नॅचरल' फोटोसुद्धा मिळतात बरं का. प्रिंट दिल्यावर मावशी आमच्याकडे लक्षच देईनात, काकूंना हवा तसा हात त्यांनी निवांत टिपला.

तुमच्या गावात असं काही सुरू करायचं असेल तर दोन-चार गोष्टी सांगते. बारापेक्षा जास्तजणी नकोत. रस्ता आधी दोघींनी चालून बघायचा आणि सगळ्यात आधी बघायचं ते स्वच्छतागृह. हसू नका! आमचा पहिला रस्ता याच एका कारणासाठी आम्ही बदलला होता. तीन तास शहरात फिरायचं आणि बायकांना जायला जागा नाही, म्हणून त्या पाणीच पीत नाहीत, ही आपल्याकडची नेहमीचीच कथा. सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंतची भुयारी मेट्रो सुरू झाली आणि कसबा पेठ, मंडई अशी स्थानकंच रस्त्यात आली, त्यामुळे ही अडचण बरीच हलकी झाली. पिंपरीहून तिघी आता मेट्रोनंच येतात. शनिवारवाड्यात हातातल्या कॅमेऱ्याला अडचण नाही, पण ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. लष्कराच्या हद्दीत कॅमेरा बाहेरच काढायचा नाही. आणि फेरी साडेनऊला संपलीच पाहिजे, कारण शनिवार असला तरी घरी नाश्त्याची वाट बघणारे असतातच.

घरच्यांचं म्हणाल तर सुरुवातीला "फोटो काढायला बाहेर कशाला जायचं? घरात नातू आहे की" असं एकीला ऐकावं लागलं. एकीच्या सासूबाईंनी "कोण कोण असतं?" हे तीनदा विचारलं. त्यावर वाद न घालता आम्ही चौथ्या फेरीला सासूबाईंनाच बोलावलं. पंचाहत्तरीच्या आहेत. त्यांना फार चालवत नाही, म्हणून कसबा गणपतीच्या बाहेर पायरीवर बसल्या आणि सुनेच्या फोनवर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपलांचे फोटो काढत राहिल्या. एकूण एक्केचाळीस फोटो. कोल्हापुरी, रबरी, शाळेचे बूट, एका लहान मुलीची एका पायात आईची चप्पल. त्या दिवशीचे सगळ्यात चांगले फोटो त्यांचेच होते, असं आमच्या मास्तरीणबाईंनीही मान्य केलं.

आता पावसाळ्यात ओंकारेश्वराजवळ नदीकाठी जायचं ठरतंय. फोनला झाकायला दुधाची रिकामी पिशवी धुऊन, भिंगापुरतं भोक पाडून आणायची आहे. मंडईतल्या मावशींनी निरोप दिलाय की नदीवरून परत जाताना गाळ्यावर या, सून यायची आहे, दोघींचा एकत्र एक काढायचाय.