अक्षराआधी आवाज

आजचा विषय अगदी घरगुती आहे. लहान मुलांना अक्षरांचे आवाज आणि उच्चार शिकवायचे कसे? आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, मग आमचा याच्याशी काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध आहे. शब्द ऐकला म्हणजे नेमकं काय ऐकलं, हा आपल्याकडचा फार जुना प्रश्न. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त म्हटलं की वाक्य अखंड असतं, पदं आणि वर्ण आपण समजण्याच्या सोयीसाठी त्यातून वेगळे काढतो. चार वर्षांच्या मुलाकडे पाहिलं की हे पटतं. ‘कमळ’ हा शब्द त्याला ठाऊक असतो. पण त्यात क, म, ळ असे तुकडे आहेत, हे त्याला कुणीतरी ऐकायला शिकवावं लागतं. आपण मात्र थेट ‘क’ गिरवायला लावतो. कानाचं काम राहून जातं.

म्हणून आधी खेळ, पाटी नंतर. ‘मा’ने सुरू होणाऱ्या गोष्टी घरात शोधा: माठ, माळ, मामा. मग शेवटचा आवाज ओळखायचा. हे मराठीत फार गरजेचं आहे, कारण ‘ण’ आणि ‘ळ’ यांनी आपला शब्द सुरूच होत नाही. ते भेटतात ‘बाण’ आणि ‘बाळ’ यांच्या शेवटी. काल आणि काळ, मन आणि मण, अशा जोड्या ऐकवा आणि फरक मुलालाच सांगू द्या.

दुसरी गोष्ट, आपली वर्णमाला म्हणजे तोंडाचा नकाशा आहे. ‘क’ घशाजवळ, ‘च’ टाळूला, ‘ट’ला जीभ वर वळते, ‘त’ला दातांना लागते, ‘प’ला ओठ मिटतात. आतून बाहेर असा हा प्रवास आहे. मुलाला आरशासमोर बसवा. तळहात तोंडासमोर धरून ‘क’ म्हणू द्या, मग ‘ख’; ‘ख’ला हातावर वाऱ्याचा झोत लागतो. नाक चिमटीत धरून ‘म’ म्हणायला सांगा, आवाज अडतो. पाठांतरापेक्षा हे मुलांना जास्त आवडतं, आणि लक्षातही राहतं.

आता अडचणीची जागा. मराठी लिहिल्याप्रमाणे बोलली जाते असं आपण अभिमानाने म्हणतो, ते पूर्ण खरं नाही बरं का. ‘चाक’मधला ‘च’ आणि ‘चंद्र’मधला ‘च’ वेगळे आहेत. ‘झाड’ आणि ‘झेंडा’ यांचंही तसंच. ‘जग’ म्हणजे दुनिया, आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा. लिहिताना एक, बोलताना दोन. ‘करवत’ लिहितो चार अक्षरांत, म्हणतो ‘कर्‌-वत्‌’. मूल क…र…व…त असं सुटं वाचतं आणि त्याला शब्द कळत नाही. तेव्हा ‘नीट वाच’ म्हणून ओरडू नये. ‘आता भरभर म्हण, कुठला शब्द ऐकू येतो?’ एवढं विचारावं. बहुतेक वेळा डोळे चमकतात.

आणि शेवटचा मुद्दा, आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा. वऱ्हाडातलं मूल ‘डोया’ म्हणतं, कितीतरी घरांत ‘पानी’ म्हणतात. ही चूक नाही, ती त्या घराची बोली आहे. वर्गात त्यावर हशा पिकला की मूल काय शिकतं? आपली आई अशुद्ध बोलते, हे शिकतं. मग ते गप्प बसतं, आणि गप्प बसलेल्या मुलाला कुठलाच उच्चार शिकवता येत नाही. ‘न’ आणि ‘ण’ यांवरून आपण माणसाची जात आणि पायरी ठरवत आलो, हेही इथे उघड बोलायला हवं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा वस्तीतली मुलं शाळेत येईनात, म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. उच्चाराचंही तसंच करावं. आधी मुलाच्या बोलीपाशी जावं. ‘तुझ्या घरी पानी, पुस्तकात पाणी, दोन्ही म्हणून बघू.’ घरचा आवाज राहतो, पुस्तकातला त्यात जमा होतो.

‘र’, ‘श’ असे आवाज काही मुलांना उशिरा जमतात. सारखं टोकू नये. ‘लाजा आला’ म्हटलं तर आपण सहज ‘हो, राजा आला’ म्हणावं. मात्र हाक मारल्यावर मूल वळत नसेल, किंवा शाळेत जाण्याच्या वयात त्याचं बोलणं बाहेरच्यांना कळतच नसेल, तर कान तपासून घ्यावेत आणि वाचा-उपचार तज्ज्ञांना भेटावं. त्यात कमीपणा काही नाही.

रोज दहा मिनिटं द्या, हसतखेळत. मूल बोलतं राहिलं तर अक्षरं येतीलच.