लशीची गोष्ट, लेखांक 7 : नऊ महिनेच का?

दिवाळीला भाची न्यू जर्सीहून पुण्याला यायची होती, कडेवर सात महिन्यांचं बाळ घेऊन. निघायच्या आधी तिथल्या डॉक्टरांनी बाळाला एमएमआरचा एक डोस टोचला आणि इकडे ताईचा जीव खालीवर व्हायला लागला. "अरे, आपल्याकडे गोवराची लस नवव्या महिन्यात देतात. हिच्या थोरल्याला तिकडे वर्ष झाल्यावर दिली होती. आता धाकट्याला सातव्यातच? एकाच लशीला तीन-तीन वयं कशी? कुणीतरी चुकतंय." ताई निवृत्त शिक्षिका. वेळापत्रकात खाडाखोड तिला नोकरीत असतानाही खपत नसे.

तिचा प्रश्न वरवर साधा, पण नेमका आहे. मागच्या लेखांकात आपण वेकफिल्ड प्रकरण पाहिलं. एमएमआरचा संबंध ऑटिझमशी जोडणारा 12 मुलांवरचा तो निबंध 1998 साली 'लॅन्सेट'मध्ये आला आणि 2010 साली मागे घेतला गेला. तिथे लबाडी होती, त्यामुळे निकाल लावणं सोपं होतं. आज सांगतोय त्या गोष्टीत लस बनवणारी माणसं प्रामाणिक होती, हेतू चांगला होता, आणि तरीही वेळापत्रकातला एक बदल अंगाशी आला.

सरकारी लसीकरणाचं कार्ड उघडून बघा. जन्मल्याबरोबर बीसीजी, पोलिओचे थेंब, कावीळ 'ब'ची लस. मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना तीन हेलपाटे. मांडीला सुई, घरी येऊन ताप, रात्रभर किरकिर. त्यानंतर एकदम शांतता. पुढचा रकाना थेट नऊ महिन्यांचा, गोवर-रुबेलाचा म्हणजे एमआरचा. मधले साडेपाच महिने कार्ड कोरं. (खासगी डॉक्टर या मोकळ्या जागेत फ्लू, टायफॉइड बसवतात, तो वेगळा विषय.) "इतक्या लहान जिवाला इतक्या लशी कशाला?" असं विचारणारे आईबाप त्या पहिल्या तीन हेलपाट्यांकडे बोट दाखवतात. मला विचाराल तर वाद घालण्यासारखी जागा त्या कोऱ्या पट्ट्यात आहे.

पहिल्या तीन हेलपाट्यांतल्या पेंटाव्हॅलंटमध्ये मेलेले जंतू, जंतूंचे तुकडे, निर्विष केलेली विषं असतात. त्यांना बाळाच्या अंगात वाढायचं नसतं, नुसतं दिसायचं असतं. म्हणून ती दीड महिन्यापासून चालतात, मात्र पुन:पुन्हा द्यावी लागतात. गोवराची लस जिवंत विषाणूची. तो दुबळा केलेला असतो, पण अंगात थोडा तरी वाढला तरच शरीर त्याची ओळख ठेवतं. आणि इथे आई आडवी येते. गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत आईच्या रक्तातली प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात. पहिले काही महिने बाळाला गोवर होत नाही तो त्यांच्याच जोरावर. पण ती खऱ्या विषाणूला जशी मारतात तशी लशीतल्यालाही मारतात. लवकर टोचा, डोस वाया. उशिरा टोचा, तर आईची ढाल गळून पडलेली, लस अजून मिळालेली नाही, आणि गोवर बाळाला त्या मधल्या खिंडीत गाठतो.

ही खिंड प्रत्येक घरात सारखी नसते. ताईला लहानपणी गोवर निघाला होता. आजीनं तिला कडुलिंबाच्या पाल्यावर निजवलं होतं. अशा आईच्या रक्तात प्रतिपिंडं भरपूर. भाचीला गोवर झालाच नाही, तिला लस मिळाली, त्यामुळे तिच्याकडे ती कमी आणि बाळाला मिळालेली शिदोरी त्याहून कमी. बेल्जियममधल्या आयांचा आणि बाळांचा एक अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. गोवर येऊन गेलेल्या आयांच्या बाळांत ही प्रतिपिंडं साधारण पावणेचार महिने टिकली. लस घेतलेल्या आयांच्या बाळांत जेमतेम एक महिना. लसीकरण यशस्वी होत गेलं तसतशी बाळांची उघड्यावरची मुदत लांबत गेली. लशीच्या बाजूचे लोकही हे मोकळेपणानं सांगत नाहीत, याचा मला कधी कधी राग येतो.

अमेरिकेत 1963 साली लस आली तेव्हा तिचं वय नऊ महिनेच होतं. डोस वाया जातात असं दिसल्यावर 1965 साली ते 12 महिने झालं, 1976 साली 15, पुढे पुन्हा 12 ते 15. तिथे गोवर आटत चालला होता, थांबणं परवडत होतं. आफ्रिकेत परवडणारं नव्हतं. सत्तरच्या दशकात केनियातल्या बाळांच्या रक्तातली प्रतिपिंडं वयाप्रमाणे तपासली गेली, कोणत्या वयात गोवर गाठतो ते त्याशेजारी मांडलं गेलं, आणि अशा हिशेबातून जागतिक आरोग्य संघटनेनं गरीब देशांसाठी नऊ महिने ठरवले. 1985 साली भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात गोवराची लस आली, ती हाच आकडा घेऊन.

आता त्या आकड्याची किंमत. नऊ महिन्यांना दिलेला डोस शंभरांतल्या साधारण 85 बाळांना लागू पडतो. वर्षानंतर दिला तर 95 च्या आसपास. म्हणजे नऊ महिने ठरवताना शंभरांतली 15 बाळं सुटणार हे ठाऊक होतं. त्यांच्यासाठी 16 ते 24 महिन्यांचा दुसरा डोस. त्याला सगळे बूस्टर म्हणतात, दवाखान्यातही म्हणतात, पण तो मुख्यतः पहिल्या वेळी हुकलेल्यांसाठी असतो. भारताच्या सरकारी कार्यक्रमात हा दुसरा डोस यायला 2010 उजाडलं. तोवर, पंचवीस वर्षं, त्या 15 बाळांचा वाली कुणी नव्हता.

खिंड बुजवायचा एक मोठा प्रयत्न झाला. गोवराच्या बऱ्याचशा लशींचं मूळ एकाच मुलाशी पोचतं : 1954 साली बॉस्टनजवळच्या शाळेत गोवर झालेला डेव्हिड एडमन्स्टन. त्याच्या अंगातून वेगळ्या केलेल्या विषाणूची एक शाखा झाग्रेबमध्ये तयार झाली, एडमन्स्टन-झाग्रेब. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशीत हीच शाखा वापरतात, म्हणजे आपल्यातल्या कित्येकांच्या मुलांच्या दंडात ती गेलेली आहे. ऐंशीच्या दशकात गांबियातल्या प्रयोगांत असं दिसलं की ही शाखा सहा महिन्यांच्या आतल्या बाळांतही काम करते. मग मात्रा कितीतरी पट वाढवली, म्हणजे आईची प्रतिपिंडं किती विषाणू मारणार? काही उरतीलच. हिशेब बरोबर निघाला. बाळांच्या रक्तात प्रतिपिंडं तयार झाली, गोवर टळू लागला. 1989 साली जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारस केली : जिथे नऊ महिन्यांच्या आतली बाळं गोवरानं दगावतात तिथे ही जास्त मात्रेची लस सहाव्या महिन्यात द्यावी.

सेनेगलमधला नियाखार भाग आणि गिनी-बिसाऊची राजधानी बिसाऊ, या दोन ठिकाणी संशोधक वर्षानुवर्षं घरोघर जाऊन जन्म-मृत्यू लिहून ठेवत. बिसाऊतलं काम पीटर आबी या डॅनिश मानववंशशास्त्रज्ञानं 1978 साली सुरू केलं होतं. लस टोचून संशोधक घरी गेले असते तर पुढचं काही कळलंच नसतं. पण वह्या चालू राहिल्या, आणि एक-दोन वर्षांनी त्यांत भलतंच दिसलं. जास्त मात्रेची लस घेतलेल्या मुली, नेहमीची लस घेतलेल्या मुलींपेक्षा जास्त संख्येनं दगावत होत्या. मुलग्यांत तसा फरक नव्हता. त्या गोवरानं दगावत नव्हत्या, टोचल्यावर ताप येऊनही नव्हे. मरण येत होतं महिन्यांनंतर, जुलाबानं, न्यूमोनियानं, त्या गावांत मुलं एरवी जशी जातात तसंच. हैतीतूनही असेच आकडे आले. 1992 साली शिफारस मागे घेतली गेली. शिफारस टिकली जेमतेम तीन वर्षं.

या गोष्टीचं एक शेपूट लॉस एंजेलिसमध्ये आहे. 1989 ते 1991 या काळात अमेरिकेत गोवर उसळला, आणि याच लशीची चाचणी तिथल्या सुमारे दीड हजार बाळांवर झाली. त्यांत बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो घरांतली. आफ्रिकेतल्या बातम्या आल्यावर चाचणी थांबवली गेली. पण त्या आईबापांना दिलेल्या संमतिपत्रात, यातली एक लस अमेरिकेत परवाना नसलेली आहे, हे लिहिलेलंच नव्हतं. सरकारी रोगनियंत्रण केंद्रानं ही चूक 1996 साली कबूल केली. लशीवर अविश्वास धरणाऱ्यांना अडाणी म्हणणाऱ्यांनी हे संमतिपत्र डोळ्यांपुढे ठेवावं.

मुलींनाच का, याचं सर्वमान्य उत्तर आजही नाही. आबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं म्हणणं असं की दोष मात्रेत नसून क्रमात असावा. जिवंत लस आधी दिली गेली आणि त्रिगुणीसारखी मृत लस नंतर, हा उलटा क्रम मुलींना बाधला. ते असंही म्हणतात की नेहमीच्या मात्रेची गोवराची लस गोवराखेरीज इतर आजारांतूनही मुलांना वाचवते. जागतिक आरोग्य संघटनेनं 2014 साली हा सगळा पुरावा तपासला. गोवराच्या लशीचा फायदा तिला पटण्यासारखा वाटला, पण त्यावरून वेळापत्रक बदलावं इतका तो पक्का वाटला नाही. मला तो निर्णय बरोबर वाटतो. मात्र आबींना वेडगळ ठरवून मोकळं होणारे मला पटत नाहीत. लशीचा हा दोष सापडला तोच मुळी त्यांच्यासारख्यांच्या वह्यांमुळे.

लस टोचल्यावर बाळ गेलं की आरोग्य खात्याकडून एक शब्द हमखास येतो, योगायोग. तो बहुतेक वेळा खराही असतो. 2020 सालच्या नमुना नोंदणीप्रमाणे भारतात हजारी 28 बाळं वर्षाच्या आत दगावत होती. वर्षाला सुमारे अडीच कोटी जन्म धरले तर रोज दोन हजारांच्या आसपास. लस घ्यायचं वयही तेच. काही मृत्यू लशीच्या दुसऱ्या दिवशी पडणारच, लस पाण्याची असती तरी. पण नियाखारमधल्या मुलींचं मरणही एकेक करून पाहिलं असतं तर योगायोगच ठरलं असतं. जुलाब झाले, मूल गेलं. दोन गटांतली मुलं शेजारी-शेजारी मोजली तेव्हाच तो योगायोग नव्हे हे कळलं. म्हणून 'योगायोग' ऐकलं की मी एकच विचारतो : कशाशी ताडून पाहिलंत?

आणि काही मृत्यूंत ना योगायोग असतो, ना लशीचा दोष. जानेवारी 2022 मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या रामदुर्ग तालुक्यात एमआर घेतल्यावर तीन बाळं दगावली. लशीच्या कुप्या एका हॉटेलच्या फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या असं तेव्हा पुढे आलं. या लशीची पूड असते, सोबतच्या पाण्यात ती मिसळली की चार तासांत वापरायची, उरली तर टाकायची. नाहीतर तिच्यात जंतू वाढतात. बाटली कधी फोडली ती वेळ लेबलवर लिहिलेली असायला हवी. ती बघायला मागणाऱ्या आईवर एखादी सिस्टर खेकसली तर खुशाल खेकसू द्यावं.

मग ऑक्टोबर 2022, मुंबई. गोवंडीतल्या रफीकनगरात दोन-तीन दिवसांत तीन मुलं गेली आणि गोवराची साथ उघडी पडली. कोविडच्या काळात हजेरी चुकलेली मुलं, दाटीची वस्ती. लस मिळणाऱ्या वयाच्या आतली बाळंही आजारी पडू लागली. खिंड पुन्हा दिसली. नोव्हेंबरात केंद्रानं कळवलं की जिथे रुग्णांपैकी दहा टक्क्यांहून जास्त बाळं नऊ महिन्यांच्या आतली आहेत, तिथे सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना एक जादा डोस द्यावा. लस तीच, झाग्रेबची शाखा असलेली, पण मात्रा नेहमीची. त्यांतल्या कित्येकांत आईची प्रतिपिंडं तो वाया घालवतील हे धरूनच. म्हणून या डोसला 'झिरो डोस' म्हणतात. नवव्या महिन्याचा आणि दीड वर्षाचा, असे दोन डोस त्या बाळांना पुढे घ्यावेच लागतात.

ताईच्या नातवाचा डोसही असाच. परदेशी निघालेल्या 6 ते 11 महिन्यांच्या बाळाला एक डोस द्यावा आणि तो मोजणीत धरू नये, असा अमेरिकेचा नियम आहे. या नियमातला परदेश म्हणजे आपली कोथरूडची सोसायटी, हे ऐकून ताई जरा गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे गोवंडीतल्या बाळाला आणि आपल्या बाळाला एकाच कारणासाठी टोचलं?" मी हो म्हटलं. "आणि मोजायचा नाही म्हणतोस, तर लिहायचा कुठे?" कार्डावर त्याला रकाना नाही. साडेतीन आणि नऊ महिन्यांच्या मधल्या कोऱ्या जागेत तारखेसकट लिहून ठेव, म्हटलं.

(पुढच्या आठवड्यात : पोलिओचे थेंब की पोलिओची सुई?)