डोळ्याच्या अँजिओग्राफीतील रंगद्रव्य आणि मधुमेहींच्या रक्तपेशी

डोळ्याची अँजिओग्राफी करताना मधुमेही रुग्णाच्या शिरेतून फ्लुरोसीन नावाचे रंगद्रव्य टोचले जाते. त्यानंतर काही तास त्वचा पिवळसर दिसते आणि लघवीचा रंग सुमारे दीड दिवस गडद पिवळा वा नारिंगी राहतो. त्वचेचा रंग बदलतो, तर हे द्रव्य रक्तही बिघडवत असेल, अशी शंका रुग्णाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मात्र या भीतीपोटी तपासणी लांबणीवर टाकणे दृष्टीसाठी महागात पडू शकते.

फ्लुरोसीन हे द्रव्य जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडॉल्फ फॉन बायर यांनी १८७१ मध्ये तयार केले. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठातील हॅरॉल्ड नोव्होटनी आणि डेव्हिड अल्विस यांनी या द्रव्याच्या साहाय्याने मानवी दृष्टिपटलातील रक्तप्रवाहाचे छायाचित्रण करण्याची पद्धत १९६१ मध्ये प्रसिद्ध केली. निळा प्रकाश पडला की फ्लुरोसीन हिरवट-पिवळा प्रकाश बाहेर टाकते. दंडातून टोचलेले द्रव्य साधारण १० ते १५ सेकंदांत डोळ्यात पोहोचते आणि कॅमेरा त्याचा प्रवास टिपतो.

रंगद्रव्य रक्तात कोठे असते?

या तपासणीत साधारणपणे ५०० मिलिग्रॅम फ्लुरोसीन दिले जाते. प्रौढ व्यक्तीच्या सुमारे पाच लिटर रक्तात ते मिसळले, की १०० मिलिलिटर रक्तामागे जेमतेम १० मिलिग्रॅम द्रव्य उरते आणि पुढे हे प्रमाण झपाट्याने घटत जाते. त्यातील सुमारे ८० टक्के भाग रक्तद्रवातील प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला चिकटतो. काही अंश तांबड्या रक्तपेशींनाही चिकटतो; पण तो तेथे कायमचा राहत नाही. मूत्रपिंड आणि यकृत यांच्यामार्फत द्रव्याचा निचरा होतो.

हृदयाच्या अँजिओग्राफीशी या तपासणीची गल्लत होऊ नये. तेथे आयोडीनयुक्त द्रव्य बऱ्याच मोठ्या प्रमाणात वापरले जाते. अशी दाट द्रव्ये पेशींतील पाणी ओढून घेऊन त्यांचा आकार बदलू शकतात, हे ज्ञात आहे. फ्लुरोसीनमध्ये आयोडीन नसते आणि त्याचे आकारमान काही मिलिलिटर एवढेच असते.

पेशींना खरी झळ साखरेची

निरोगी तांबडी रक्तपेशी ७ ते ८ मायक्रॉन व्यासाची असते. दृष्टिपटलातील अनेक केशवाहिन्या याहून अरुंद असल्याने तिला अंग चोरून पुढे सरकावे लागते. रक्तात साखर सतत जास्त राहिली, तर ती हिमोग्लोबिनला आणि पेशीच्या आवरणातील प्रथिनांना चिकटते. परिणामी पेशींची लवचिकता घटते आणि त्या एकमेकींना अधिक चिकटू लागतात. केशवाहिन्यांच्या भिंतीही याच काळात कमकुवत होत असतात. कालांतराने काही केशवाहिन्या बंद पडतात.

अँजिओग्राफी नेमके हेच दाखवते. रक्त न पोहोचणारे भाग काळे दिसतात, वाहिन्यांचे सूक्ष्म फुगवटे ठिपक्यांसारखे चमकतात, तर गळणाऱ्या वाहिन्यांभोवती प्रकाश पसरतो. लेसर किंवा डोळ्यातील इंजेक्शन यांपैकी कोणता उपचार कोठे करावा, हे ठरवण्यास या चित्रांची मदत होते.

धोका आणि दक्षता

मळमळ ही या तपासणीतील नेहमीची तक्रार असून ती बहुधा काही मिनिटांत थांबते. तीव्र प्रतिक्रिया क्वचित आढळते. अमेरिकेत १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तिचे प्रमाण १,९०० तपासण्यांमागे एक असे नोंदले गेले. त्यामुळे दमा, औषधांची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा विकार किंवा गर्भावस्था असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. रक्ताच्या व लघवीच्या काही चाचण्यांचे निकाल या रंगामुळे चुकू शकतात. म्हणून त्या शक्यतो अँजिओग्राफीपूर्वीच उरकाव्यात.

अलीकडे ओसीटी अँजिओग्राफी ही रंगद्रव्याविना होणारी तपासणीही उपलब्ध आहे. तिच्यात वाहत्या रक्तपेशींच्या हालचालीवरून वाहिन्यांचा नकाशा तयार होतो. वाहिन्यांतील गळती मात्र तिच्यात दिसत नाही. त्यामुळे फ्लुरोसीनची गरज संपलेली नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी आहे. चेन्नई शहरात झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १७.६ टक्के मधुमेहींच्या दृष्टिपटलात दोष आढळला होता. प्रत्येक मधुमेहीला अँजिओग्राफीची गरज नसते. मात्र बाहुली विस्फारून दृष्टिपटलाची नियमित तपासणी आवश्यक असते.

तांबड्या रक्तपेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. साखर आटोक्यात आली, की नव्याने तयार होणाऱ्या पेशींना तिची झळ कमी बसते. रंगद्रव्य दोन दिवसांत शरीराबाहेर जाते. अनियंत्रित साखर मात्र रोजच रक्तपेशींवर परिणाम करीत असते.