भिंतीत लोकर भरली म्हणजे भिंत थंड झाली?

अमेरिकेत आणि कॅनडात दुकानं, दवाखाने, शाळा यांच्या भिंती बऱ्याचदा विटांच्या नसतातच. विटा दिसल्या तरी तो अनेकदा नुसता बाहेरचा मुखवटा असतो. आत पातळ पत्र्याचे उभे स्टड, त्यांच्यामधल्या पोकळीत काचतंतूंची लोकर आणि स्टडवर बाहेरून ठोकलेला बोर्ड, म्हणजे शीदिंग. या बोर्डाच्या एका नव्या प्रकारात मजबूत लाकडी फळी आणि उष्णतारोधक फोम कारखान्यातच एकमेकांना चिकटवलेले येतात. मुळात हा जास्तीचा फोम कशाला, हेच अनेकांना पटत नाही.

‘पोकळीत आर-१३ची लोकर भरली, म्हणजे भिंत आर-१३ची झाली’ हा त्यामागचा सर्वांत महाग पडणारा गैरसमज. उष्णतेला होणारा विरोध मोजायचं ‘आर’ हे तिकडचं माप. आकडा जितका मोठा तितका विरोध जास्त. पाकिटावरचा आकडा खोटा नसतो, पण तो लोकरीचा असतो, भिंतीचा नव्हे. दर 16 इंचांवर एक पोलादी स्टड उभा असतो. त्याचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा, पण पोलादातून उष्णता लोकरीपेक्षा हजारपटीहून अधिक सहज वाहते. म्हणजे ही भोकं पाडलेली गोधडी झाली. ॲश्रे या अमेरिकी अभियंता-संस्थेच्या 90.1 या मानकात अशा पोकळीचा परिणामकारक आकडा दिला आहे : आर-१३च्या जागी फक्त 6. बरं, स्टड साडेतीनऐवजी सहा इंच खोल घेतला आणि आर-१९ची लोकर भरली तरी हाती येतात 7.1. अडीच इंच जागा गेली आणि मिळकत जेमतेम एका आकड्याची! त्याऐवजी स्टडच्या बाहेरून इंचभर पॉलिआयसो फोमचा सलग थर दिला, तर एकट्या त्याचेच साधारण 6 मिळतात आणि पोलादाची वाटही अडते. जाडीपेक्षा जागा महत्त्वाची, एवढं कळलं की पुढचं बरंच उलगडतं.

या बोर्डाच्या नावातल्या ‘स्ट्रक्चरल’ या विशेषणामुळे तो इमारतीचं वजन पेलतो असं वाटतं. पण वजन सांगाड्याकडे किंवा स्टडकडे असतं. वारा किंवा भूकंप भिंतीला आडवा रेटा देतो तेव्हा चौकट तिरपी होऊ न देणं हे बोर्डातल्या फळीचं काम. नुसत्या फोमला ते जमत नाही. फोम फळी आणि स्टड यांच्या मधे असेल, तर स्क्रूचा मधला भाग अधांतरी राहतो आणि फोम जितका जाड तितका हा ताठपणा कमी होतो. म्हणून स्क्रूची लांबी आणि त्यांच्यातलं अंतर उत्पादकाच्या तक्त्यावरूनच घ्यायचं. मिस्त्रीच्या अंदाजावर सोडायचं नाही.

आगीबद्दल दोन्ही टोकांचे गैरसमज आहेत. 14 जून 2017 रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीत 72 माणसं गेली. तेव्हापासून काहींना फोम म्हणजे चिताच वाटते, तर काहींना चंदेरी वर्खात गुंडाळलेला फोम निर्धोक वाटतो. ग्रेनफेलमध्ये आग भराभर वर चढण्याचं मुख्य कारण पॉलिथिलीन गाभ्याचे ॲल्युमिनियमचे बाह्य पत्रे हे होतं. त्यांच्यामागच्या फोमनेही भर घातली. अमेरिकेतली ‘एनएफपीए 285’ ही चाचणी म्हणूनच एकेक वस्तू न तपासता दुमजली नमुन्यावर अख्खी भिंत पेटवून बघते. एका भिंतीत उत्तीर्ण झालेला फोम वेगळ्या आवरणामागे आपोआप उत्तीर्ण धरता येत नाही. विक्रेता प्रमाणपत्र दाखवतो तेव्हा ते नेमक्या कोणत्या रचनेचं आहे, हे विचारायला हवं.

ओलीचं प्रकरण हवामानावर फिरतं. मिनियापोलिसच्या हिवाळ्यात आतली दमट हवा पोकळीतून बाहेरच्या गार बोर्डापर्यंत जाते आणि तिथे पाणी धरतं. बाहेरून फोम असला की पोकळीची ती बाजू उबदार राहते. फ्लोरिडात वाफेचा प्रवास उलटा, बाहेरून एसीच्या गारव्याकडे. तिथल्या हॉटेलांत व्हिनाइलच्या वॉलपेपरमागे बुरशी माजते ती यामुळेच. ‘दोन्हीकडून प्लास्टिक लावून टाका’ हा सल्ला त्यामुळे दोन्ही ठिकाणी वाईट, कारण आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही.

‘हे सगळं बर्फाच्या देशांसाठी’ असं आपल्याकडे म्हटलं जातं. पण मुंबईही फ्लोरिडासारखीच उष्ण-दमट. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेच्या 2017च्या आवृत्तीत अशा हवामानातल्या मोठ्या कार्यालयांच्या भिंतीसाठी यू-मूल्याची मर्यादा 0.40 आहे. यू-मूल्य म्हणजे भिंतीतून उष्णता किती सहज जाते याचं माप; इथे आकडा कमी तितकी भिंत चांगली. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली नऊ इंची विटांची भिंत 2च्या आसपास असते. तिला 0.40वर आणायला बाहेरून सुमारे 60 मिलिमीटर चांगला फोम लागतो. आपल्या आरसीसी सांगाड्याला स्ट्रक्चरल शीदिंगची गरज नाही. पातळ पोलादी चौकटीच्या इमारतींत ती येते. पण पोलादी स्टडची खोड आपल्याकडे बीम-कॉलममध्ये आहे. विटांऐवजी वापरतात त्या हलक्या एएसी ब्लॉकपेक्षा बीम-कॉलमच्या काँक्रीटमधून उष्णता आठ-नऊ पट सहज जाते, म्हणून नुसते ब्लॉक बदलून भागत नाही. थर बीम-कॉलमच्याही बाहेरून सलग जायला हवा. आणि पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत एकेरी काच लावायचीच असेल, तर आधी काचेचं बघा. तिचं यू-मूल्य 5च्या वर असतं, शिवाय ऊन सरळ आत येतं ते वेगळंच.