बाण सरळ का जातो?

'तीर' आणि 'कमान' हे दोन शब्द तुम्हांला घरचेच वाटतील. हे शब्द फारसीतून उर्दूत आले, तसेच ते मराठीतही आले. बाण मारणाऱ्याला मराठीत तिरंदाज म्हणतात. आदिवासी भागात बांबूच्या धनुष्यबाणाला 'तीरकमठा' म्हणतात. अशा साध्या धनुष्यातून सुटलेला बाण सरळ कसा जातो, हे आज आपण समजून घेऊ. प्रश्न सोपा वाटतो, पण तो तसा नाही.

बांबूच्या धनुष्याला मध्यभागी मूठ असते. ही मूठ डाव्या हातात धरतात आणि उजव्या हाताने दोरी ओढतात. बाण मुठीच्या डाव्या बाजूला टेकवतात. दोरी पूर्ण ओढली, की बाणाचे टोक थेट निशाणाकडे असते. आता दोरी न ओढता बाण नुसता दोरीला लावून पाहा. त्याचे टोक निशाणाच्या डावीकडे वळलेले दिसेल, कारण मध्ये मुठीची जाडी येते. म्हणजे दोरी पुढे येताना बाणाने डावीकडे जायला हवे. पण चांगला बाण निशाणावरच जातो. हे कसे घडते?

एक छोटा प्रयोग करा. खराट्याची एक लांब काडी घ्या. तिचे एक टोक भिंतीला टेकवा आणि दुसऱ्या टोकाकडून हळूच दाबा. काडी मध्ये वाकेल. बाणाचेही असेच होते. मागून दोरी जोराने ढकलते. पुढचे जड टोक मात्र लगेच हलत नाही. त्यामुळे मधली काडी वाकते. प्रथम तिचा मधला भाग मुठीकडे दाबला जातो. मग ती उसळून उलट बाजूला, म्हणजे मुठीपासून दूर वाकते. बाणाची शेपटी मुठीजवळ येते, तेव्हा काडी पुन्हा पहिल्या बाजूला वळू लागते आणि शेपटी मुठीला न लागता निघून जाते. थोडक्यात, बाण मुठीला वळसा घालून जातो. मासा अंग हलवत पाण्यातून जातो, तसा बाण हवेतून जातो. डोळ्यांना हे दिसत नाही, कारण सारे काही पापणी लवण्याआधी संपते. अमेरिकेतील शास्त्रज्ञ क्लॅरेन्स हिकमन यांनी 1930 नंतरच्या दशकात अतिवेगवान कॅमेऱ्याने बाणाची चित्रे घेतली. तेव्हा बाणाचे हे वाकणे स्पष्ट दिसले.

यावरून एक गोष्ट लक्षात येते. प्रत्येक बाण प्रत्येक धनुष्याला चालत नाही. धनुष्याचा जोर आणि काडीचा ताठपणा यांचा मेळ बसावा लागतो. काडी फार ताठ असेल तर ती पुरेशी वाकत नाही. ती मुठीला घासते आणि डावीकडे जाते. काडी फार लवचीक असेल तर ती जास्त वाकते आणि बाण उजवीकडे जातो. डाव्या हाताने दोरी ओढणाऱ्याच्या बाबतीत या दिशा उलट होतात.

आता खरी अडचण पाहा. एक मुलगी रोज सराव करते. तिचा नेम चांगला आहे, पण तिचे बाण डावीकडे जातात. ती स्वतःला दोष देते आणि हात थोडा उजवीकडे वळवू लागते. काही दिवसांनी तिची चांगली सवय बिघडते. दोष तिच्या हातात नव्हताच, तो बाणात होता! म्हणून आधी दोष शोधावा, मग उपाय करावा. बाण चारी दिशांना विखुरले असतील, तर हात अजून स्थिर झालेला नाही. तेव्हा बाणाला हात लावू नये, सराव वाढवावा. पण सगळे बाण एका ठिकाणी जवळजवळ लागत असतील आणि ते ठिकाण चुकीचे असेल, तर बाण तपासावा.

तपासण्याची रीत अशी आहे. सारख्या लांबीचे व सारख्या वजनाचे पाच बाण घ्या. तिघांना पिसे असू द्या, दोघांना पिसे नकोत. बाणाच्या शेपटीवरची पिसे हवेला अडवतात आणि वाकडा निघालेला बाण सरळ करतात. म्हणजे पिसे बाणाचा दोष झाकतात. बिनपिसांचा बाण तो दोष उघड करतो. सुमारे 10 मीटर अंतरावरून पाचही बाण एकाच जागी नेम धरून सोडा.

प्रथम वर-खाली पाहा. बिनपिसांचे बाण पिसांच्या बाणांपेक्षा वर लागले, तर दोरीवर बाण लावण्याची जागा खाली आहे. ती थोडी वर घ्या. ते खाली लागले, तर ती जागा थोडी खाली आणा. या जागेवर दोऱ्याचे वेढे देऊन खूण करतात, म्हणजे बाण दर वेळी तिथेच लागतो.

मग डावे-उजवे पाहा. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचे बिनपिसांचे बाण डावीकडे लागले, तर काडी ताठ आहे. अशा वेळी पुढे जड टोक बसवावे. लाकडी काडी असेल तर ती घासून किंचित बारीक करता येते. बाण उजवीकडे लागले, तर काडी लवचीक आहे. अशा वेळी हलके टोक बसवावे किंवा काडी थोडी आखूड करावी. पण कापताना घाई करू नका. एका वेळी अर्धा सेंटिमीटरच कापा आणि पुन्हा बाण सोडून पाहा. कापलेली काडी परत लांब होत नाही! शिवाय बाण फार आखूड झाला, तर दोरी ओढताना त्याचे टोक मुठीच्या मागे येते आणि हाताला इजा होऊ शकते.

एका वेळी एकच बदल करा आणि तो वहीत लिहून ठेवा. दोन बदल एकदम केले, तर कोणत्या बदलाने फरक पडला हे कळणार नाही.

हे सारे प्रशिक्षकांच्या देखरेखीखालीच करायचे. बाण सोडण्यापूर्वी काडीला तडा गेलेला नाही ना, ते पाहा. तडा गेलेला बाण सुटताना मोडतो आणि हातात घुसू शकतो. बिनपिसांचा बाण लांब अंतरावरून सोडू नका, तो कुठेही जाऊ शकतो. बाणाशिवाय दोरी ओढून कधीही सोडू नका, त्याने धनुष्य मोडते.

इराणी, तुर्की आणि मोगल तिरंदाजांची रीत वेगळी होती. ते अंगठ्याने दोरी ओढत. दोरीने अंगठा कापू नये म्हणून ते खास अंगठी घालत. फारसीत तिला 'जिहगीर' म्हणतात. शाहजहान बादशाहाची अशी एक अंगठी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. या रीतीत बाण धनुष्याच्या उजव्या बाजूला ठेवतात. म्हणून ताठ बाण उजवीकडे आणि लवचीक बाण डावीकडे जातो. रीत बदलली, दिशा बदलली, पण नियम तोच राहिला.

आपल्या देशात बांबूचे धनुष्य आजही जिवंत आहे. राजस्थानातील आदिवासी कुटुंबात जन्मलेले लिंबा राम लहानपणी असेच धनुष्य वापरत. पुढे त्यांनी 1988, 1992 आणि 1996 च्या ऑलिंपिक स्पर्धांत भारतातर्फे भाग घेतला.

बाण सरळ जातो, कारण तो योग्य तेवढा वाकतो. अति ताठ बाण चुकतो आणि अति लवचीक बाणही चुकतो. तेव्हा नेम चुकला, तर लगेच निराश होऊ नका. शांतपणे कारण शोधा. ते सापडले, की अर्धे काम झालेच.

शब्दार्थ
मूठ – धनुष्य धरण्याची जागा. लवचीक – सहज वाकणारे. वळसा घालणे – बाजूने फिरून जाणे. पापणी लवणे – डोळ्याची उघडझाप होणे. इजा – दुखापत.

स्वाध्याय
1. बाण सुटताना मध्ये का वाकतो?
2. बिनपिसांचे बाण कशासाठी वापरतात?
3. एका वेळी एकच बदल का करावा?
4. कारणे लिहा : काडी कापताना घाई करू नये.
5. पाठात आलेले आणि उर्दूतही वापरले जाणारे पाच शब्द शोधून लिहा.